पगाराच्या ऑफरवर युनियनने मागवलेलं मत : साडेतीन तारे

युनियनची वर्गणी दर महिन्याला न चुकता कटते, तर तिच्या कामाचा रिव्ह्यू लिहायला काय हरकत आहे? मी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एका हॉस्पिटलात बँड ५ची (बँड म्हणजे पगाराची श्रेणी) नर्स. युनियनचं नाव लिहीत नाही. आमची रेप, म्हणजे युनियनची प्रतिनिधी, माझ्याच वॉर्डात आहे आणि तिच्यासोबत रोज चहा प्यायचा आहे. हा रिव्ह्यू एकाच कामाचा : मार्च-एप्रिल २०२३मध्ये सरकारच्या ऑफरवर आमचं मत कसं विचारलं गेलं.

आधी ऑफर. हिवाळाभर संप झाले, मग १६ मार्चला सरकार आणि युनियनांची बोलणी संपून कागद बाहेर आला. २०२२-२३साठी एकरकमी पैसे : पगाराच्या २ टक्के, शिवाय कोविडनंतरचा बॅकलॉग उपसल्याबद्दल किमान १,२५० पौंडांचा बोनस. बँडप्रमाणे हे सगळं मिळून १,६५५ ते ३,७८९ पौंड. आणि २०२३-२४साठी ५ टक्के वाढ, ती मात्र मूळ पगारात. डॉक्टर यात नव्हते, ही फक्त 'अजेंडा फॉर चेंज' या वेतनश्रेणीवाल्यांची गोष्ट : नर्स, पोर्टर, फिजिओ, अँब्युलन्सवाले, क्लार्क, सफाईवाले.

मेल आला २८ मार्चला. मला दिसला ४ एप्रिलला, कारण तो स्पॅममध्ये कूपन आणि लॉटरीच्या मध्ये पडला होता. रेपने हँडओव्हरनंतर विचारलं नसतं तर तिथेच राहिला असता. अर्धा तारा इथेच गेला. लिंक उघडल्यावर मेंबरशिप नंबर मागितला. तो कार्डाच्या मागे, कार्ड लॉकरमध्ये, लॉकर दोन मजले खाली. हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं आणि फोन ठेवला. शेवटी नंबर पेस्लिपवर सापडला, वर्गणीच्या ओळीत. नव्याने आलेल्या मुलींनो, तिथे बघा.

कॅल्क्युलेटर मात्र पैसा वसूल. बँड आणि किती वर्षं झाली एवढंच विचारतो. माझी दोन वर्षं पूर्ण व्हायची होती, म्हणजे बँडच्या तळाला, वर्षाला २७,०५५ पौंड. उत्तर आलं : एकरकमी १,८९१, आणि पुढच्या वर्षी पगार २८,४०७. कागद वाचून जे तीन दिवसांत कळलं नव्हतं ते तीन सेकंदांत कळलं. पण खाली ठळक अक्षरात एकरकमी पैसे आणि पगारातली १,३५२ची वाढ यांची बेरीज : ३,२४३ पौंड. ही बेरीज मला आजही खटकते. १,८९१ एकदाच येणार आणि जाणार. १,३५२ दरवर्षी येणार, आणि पुढची प्रत्येक वाढ त्यावर बसणार. पाहुणा आणि घरचा माणूस एकाच ओळीत मोजलेत.

हे मला समजावलं ते युनियनने नाही, आईने. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली, वेतन आयोग तिला तोंडपाठ. फोनवर ऑफर वाचून दाखवली तर म्हणाली, "म्हणजे मागच्या वर्षीचा फरक देणार?"

"फरक नाही गं, बोनससारखं काहीतरी."

"मग बेसिक कुठे वाढलं मागच्या वर्षीचं? आमचा सातव्या आयोगाचा फरक पाच हप्त्यांत दिला, तोही पीएफमध्ये टाकून. रडतखडत दिला, पण फरक होता. हे बक्षीस आहे बाई."

खरं तर मागच्या वर्षी बेसिकमध्ये १,४०० पौंड वाढले होते, आणि ते कमी पडतात म्हणूनच संप झाला होता. पण तिचा मुद्दा बरोबर होता. युनियनच्या तीन पानी माहितीपत्रकात 'नॉन-कन्सॉलिडेटेड' (म्हणजे मूळ पगारात न धरलेलं) हा शब्द चार वेळा आलाय आणि त्याचा अर्थ एकदाही सांगितलेला नाही. निम्मा वॉर्ड आमच्यासारखाच बाहेरून आलेला : केरळ, फिलिपिन्स, नायजेरिया. अर्थ लिहायला किती शाई लागली असती?

झूम मीटिंग मी रात्रपाळीला निघण्याआधी भाकरी थापताना ऐकली. बोलणाऱ्या बाई चांगल्या होत्या, प्रश्न टाळले नाहीत. महागाई १० टक्क्यांच्या वर असताना ५ टक्के का घ्यायचे, असं कोणीतरी लिहिलं. त्यांनी सरळ सांगितलं की बोलण्यांतून याहून जास्त निघत नव्हतं, आणखी हवं तर आणखी संप, आणि संपाच्या दिवसाचा पगार जातो. हे मला पटलं. ऑफर घ्या अशी युनियनची शिफारस होती, आणि त्यावर माझी तक्रार नाही. बोलणी करून आलेल्याने आपलं मत सांगावं. पण शिफारस मतपत्रिकेच्या वर, प्रश्नाच्या डोक्यावर छापायची नसते. भाजीवाल्याने तराजूवर कोपर टेकवून वजन करावं तसं वाटतं. वजन बरोबर असेलही, पण कोपर काढ ना बाबा.

प्रश्न एकच : ऑफर मान्य की अमान्य. "५ टक्के मान्य, एकरकमी अमान्य" असा खण नाही. खाली चार ओळी लिहायला जागा असती तरी चाललं असतं. माझ्यासोबतची एक हाउसकीपर युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी कमाईवाल्यांचा सरकारी भत्ता, घेते. एका महिन्यात एवढी रक्कम आली की त्या महिन्याचा तिचा भत्ता घटतो. तिला 'मान्य'ही म्हणायचं होतं आणि 'पण'ही. पणाला जागा नव्हती.

मी १३ एप्रिलला रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये, पहाटे सव्वातीन वाजता, मत दिलं. काय दिलं ते रेपलाही सांगितलेलं नाही.

निकालाचा भाग मात्र कोणीच आधी समजावला नाही, आणि एक अख्खा तारा त्यासाठी कापतेय. युनियनांमध्ये युनिसनने ७४ टक्क्यांनी ऑफर स्वीकारली, जीएमबीने ५६ टक्क्यांनी. आरसीएनने ५४ टक्क्यांनी फेटाळली, युनाइटने ५२ टक्क्यांनी. आम्हाला वाटलं, आता ज्यांचं हो त्यांना पैसे, ज्यांचं नाही त्यांचं भांडण चालू. तसं नसतं. सगळ्या युनियना एनएचएस स्टाफ कौन्सिलमध्ये बसतात, तिथे सभासदसंख्येप्रमाणे मतांचं वजन ठरतं, आणि २ मेला कौन्सिलने बहुमताने ऑफर मान्य केली. पैसे सगळ्यांना, नाही म्हणणाऱ्यांनाही. पद्धत चूक आहे असं मी म्हणत नाही. पण माझं मत आधी माझ्या युनियनच्या भांड्यात आणि मग ते भांडं मोठ्या पातेल्यात जाणार, हे मेलच्या पहिल्या पानावर हवं होतं. ब्रेकरूममध्ये त्या आठवड्यात जी भांडणं झाली त्यातली निम्मी या एका वाक्याने वाचली असती.

जूनच्या पेस्लिपवर पैसे आले. टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्सने आपापला घास घेतला. आईला फोटो पाठवला, तिने फक्त बेसिकच्या ओळीवर गोल करून परत पाठवला.

उरलेले साडेतीन तारे कशाचे म्हणाल, तर दीड कॅल्क्युलेटरचा, एक त्या झूमवाल्या बाईंचा आणि एक रेपचा. ती स्वतःच्या ब्रेकमध्ये वॉर्ड-वॉर्ड फिरून "मेल बघितलास का" विचारत होती. तिला याचा वेगळा पगार नाही.

एक व्यावहारिक गोष्ट. असं मत ऑनलाइन घेता येतं, पण तेव्हा, २०२२-२३मध्ये, संपाचं मतदान कायद्याने पोस्टानेच व्हायचं, आणि त्यात निम्म्यांहून कमी लोकांनी मत दिलं तर सगळंच बाद व्हायचं. २०२२च्या शरदात माझं मतपत्रिकेचं पाकीट जुन्या भाड्याच्या घरी गेलं आणि तिथल्या भाडेकरूने ते जानेवारीत आणून दिलं, बंदच. घर बदललंत की बँकेच्या आधी युनियनला पत्ता कळवा.