डेलिया: बी पेरावं की कंद लावावा?

नागपुरात पहिल्यांदाच डेलिया लावत असाल, तर मी बियांपासूनच सुरुवात करा म्हणेन. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये पेरा. साधारण ८-१० दिवसांत रोपं वर येतात आणि थंडीत फुलतात. रंग मात्र मूळ झाडासारखाच येईल याची खात्री नाही. डेलियात गुणसूत्रांचे ८ संच असतात, त्यामुळे प्रत्येक रोप वेगळं निघतं. मला तर त्यातच खरा आनंद वाटतो.

ठरावीक जातच हवी असेल तर कंद. घेताना मानेजवळ, म्हणजे कंद देठाला जुळतो तिथे, डोळा (कोंब फुटायची जागा) आहे ना, ते बघा. डोळ्याविना गुबगुबीत कंदही फुटत नाही. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून तो सडतो, म्हणून वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. शिवाय मे महिन्यातल्या ४५ अंशांत तो कोरड्या वाळूत, घरातल्या गार कोपऱ्यात जपावा लागतो.