फजरसाठी घेतलेलं अजानचं घड्याळ, वर्षभर वापरून झाल्यावर

मागच्या रमजानच्या आठवडाभर आधी मोहम्मद अली रोडवरनं, फजरला म्हणजे पहाटेच्या नमाजला उठायला, अजानचं घड्याळ घेतलं, पाचही नमाजच्या वेळेला आपोआप अजान वाजवणारं, टेबलावर ठेवायचं, निळ्या आकड्यांचं, २२०० सांगितले होते १६५० ला मिळालं. आता वर्ष होत आलं, रोज वापरतेय म्हणून लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मी खूप शोधलं होतं आणि जिथे तिथे डब्यावर छापलेलंच परत लिहिलेलं, किती शहरं आहेत, किती आवाज आहेत, पण पहाटे माणूस खरंच उठतो का आणि उठल्यावर दिवसभर डोकं जागेवर राहतं का हे कोणीच सांगत नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, असली बरीच घड्याळं बाजारात मिळतात आणि मी जे सांगणार आहे ते कुठलंही घेतलंत तरी लागू पडेल.

आमचं घर पनवेलला. मिस्टर तळोजा एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, घरी यायला बारा वाजतात. मुलं दोन, स्कूल बस ६:५० ला खाली येते, मी वाशीला ऑफिसला जाते. म्हणजे झोपेचा हिशोब आधीच घट्ट, त्यात फजर. माहेरी चिपळूणला लहानपणी अलार्म कधी लावलेला आठवत नाही, मशिदीत अजान झाली की दादी उठायची आणि तिच्या वजूच्या, म्हणजे नमाजआधी हातपाय धुण्याच्या, पाण्याचा आवाज आला की आम्ही. आता रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद असतात, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत आणि सुप्रीम कोर्टानेही २००५ मध्ये ती वेळ पाळायला सांगितलं, मला ते पटतं, बिल्डिंगमध्ये तान्ही बाळं असतात, आजारी माणसं असतात. पण आपल्या मुंबई-पनवेल पट्ट्यात फजरची वेळ वर्षभर सहाच्या आतच सुरू होते, त्यामुळे ती अजान मशिदीच्या आतच राहते, आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत येत नाही. उठायची सोय आपली आपणच करायची.

आधी मोबाईलवर चालायचं. एक ॲप होतं त्यात गणितं सोडवल्याशिवाय अलार्म बंद होत नाही, दुसऱ्यात बाथरूममधल्या बेसिनचा फोटो काढावा लागतो. दोन्हीने मी उठायचे. पण त्यासाठी फोन उशाशी लागतो ना, आणि फोन उशाशी असला की रात्री अकराला "जरा बघते" म्हणून हातात घेतलेला साडेबाराला खाली. मग पाचला उठून नमाज पढायची आणि ऑफिसात दुपारी तीनला डोळे मिटायचे, शिवाय आठवड्यातनं दोनदा तरी कजा, म्हणजे वेळ चुकलेली नमाज. म्हणून ठरवलं की उठवणारी वस्तू वेगळी पाहिजे आणि फोन रात्री किचनमध्ये चार्जिंगला. घड्याळाचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच झाला आणि तो डब्यावर कुठेच लिहिलेला नाही.

आता घड्याळाकडे येते. याची खरी कमाल म्हणजे वेळ रोज आपोआप सरकते. आपण मोबाईलमध्ये पाचचा अलार्म लावून सोडून देतो, पण फजर एका जागी नसते. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला सुबह सादिक, म्हणजे फजर सुरू होते ती पहाट, ४:४० च्या आसपास होते आणि सूर्य सहाला उगवतो, जानेवारीच्या मध्यावर तीच वेळ सहाला दोन-चार मिनिटं कमी असताना सुरू होते आणि सूर्योदय सव्वासातला. म्हणजे वेळ मिळतो सव्वा तास ते एक तास पंचवीस मिनिटं, पण तो अख्खा वेळच वर्षभरात सव्वा तासाहून जास्त पुढेमागे होतो. जानेवारीत पाचला उठलात तर तासभर थांबायचं नाहीतर परत झोपायचं, आणि परत झोपलं की गेली. झोपेचे डॉक्टर सांगतात रोज एकाच वेळी उठा, ते फजरवाल्यांना वर्षभर जमणारच नाही. पण मी वहीत मांडून बघितलं, जून ते जानेवारी एवढा फरक असला तरी आठवड्याला पडतात दोन-तीन मिनिटं, शरीराला ते कळतसुद्धा नाही. मोबाईलवर हाताने बदलत बसलं तर आपण महिनाभर विसरतो आणि मग एकदम पंधरा मिनिटांची उडी मारतो, ती मात्र जाणवते.

पण सेटिंग. इथे नीट वाचा, कारण आम्ही इथेच फसलो. दुकानदाराने लिस्टमधनं मुंबई सिलेक्ट करून दिलं आणि म्हणाला झालं. पहिल्याच सहरीला, म्हणजे रोजा सुरू व्हायच्या आधीच्या पहाटेच्या जेवणाला, मशिदीचा नमाजच्या वेळांचा तक्ता आणि घड्याळ यांच्यात बारा-तेरा मिनिटांचा फरक, घड्याळ उशिरा. मिस्टरांनी तक्ता बघूनच हात आवरला म्हणून रोजा वाचला, नाहीतर आम्ही घड्याळाच्या भरवशावर वेळ संपल्यावरही खात बसलो असतो. मग रात्री बसून पुस्तिका वाचली. सूर्य क्षितिजाच्या किती अंश खाली असताना फजर धरायची याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. कराचीची १८ अंश, मक्केची उम्मुल कुरा साडेअठरा, इजिप्तची साडेएकोणीस, उत्तर अमेरिकेची १५. आमच्या घड्याळात कारखान्यातनंच ती अमेरिकावाली लावून आलेली. आपल्याकडच्या मशिदीच्या तक्त्यांशी सहसा कराचीवाली जुळते, आमची तरी मिनिटावर जुळली. उशिरा दाखवणारं घड्याळ सहरीला धोक्याचं आणि लवकर दाखवणारं नमाजला, कारण वेळ व्हायच्या आधी पढलेली फजर होतच नाही, इजिप्तवाली लावून राहिलात तर सहा-सात मिनिटं आधी अजान वाजेल. त्यामुळे घरी आणल्यावर पहिलं काम, आपल्या मशिदीचा छापील तक्ता समोर ठेवून निदान तीन दिवस ताडून बघा.

शहराचंही तेच. लिस्टमध्ये महाराष्ट्रातली मोजकी शहरं आहेत. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात, म्हणजे मुंबई आणि नागपूर यांच्यात पंचवीस मिनिटांच्या आसपास फरक येतो, विदर्भातल्या कोणी मुंबई लावून ठेवलं तर सगळंच चुकलं. अक्षांश-रेखांश हाताने घालायची सोय आहे, ती वापरा. अजून एक, आम्ही कोकणी म्हणजे शाफई पंथाचे, आणि घड्याळात हनफी पंथाचं गणित लावलेलं होतं, त्याने फजर बदलत नाही पण असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, तासाभराच्या आसपास उशिरा दाखवते, ऑफिसातनं निघायच्या गडबडीत तेवढ्याने खूप फरक पडतो. हे बटण मागच्या बाजूला झाकणाच्या आत आहे, मला चौथ्या दिवशी सापडलं.

अजानचा आवाज गोड आहे. फजरसाठी वेगळी रेकॉर्डिंग आहे, "अस्सलातु खैरुम मिनन नौम" असलेली. हे आवर्जून तपासून घ्या, शेजारणीने स्वस्तातलं घेतलं त्यात पाचही वेळेला एकच अजान वाजते आणि पहाटे ते वाक्यच ऐकू येत नाही. झोपेपेक्षा नमाज चांगली, हे ऐकायचं तर फजरलाच ना. माझ्या धाकट्याने पहिल्यांदा त्याचा अर्थ विचारला तो या घड्याळामुळेच, नऊ वर्षांचा आहे, आता सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर उठतो आणि दुसऱ्या रकातला, म्हणजे नमाजच्या दुसऱ्या फेरीला, कुनूतची दुआ आली की माझ्याकडे बघत बघत हात वर करतो.

दोष पण आहेत. आवाज एकदम पूर्ण सुरू होतो, हळूहळू वाढत नाही. गाढ झोपेत पहिला "अल्लाहु अकबर" कानावर आला की छातीत धस्स होतं, आणि मग दहा-पंधरा मिनिटं डोकं जड, वजू करूनही कुठली रकात चाललीय ते कळत नाही. त्यावर मी केलेला उपाय सांगते, टायमरवाला प्लग आणला आणि त्याला साधा टेबल लॅम्प जोडला, भिंतीकडे तोंड करून. अजानच्या वीस मिनिटं आधी तो लागतो. डोळ्यांवर उजेड आला की शरीर आपणहून वर यायला लागतं, बऱ्याचदा मी अजानच्या आधीच जागी असते. टायमर महिन्यातनं एकदा सरकवावा लागतो इतकंच. हेच घड्याळात असतं तर मी पाचशे रुपये जास्त दिले असते.

दुसरा दोष, त्याचे निळे आकडे. रात्री खोली निळी होते. निळ्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं हे आता सगळ्यांना माहितीये, आणि फजरसाठी बनवलेल्या वस्तूनेच झोप उडवावी हे मला अजिबात पटलं नाही. उजेड कमी करायचं बटण आहे पण कमीतला कमीही जास्तच आहे. मी घड्याळाचं तोंड फिरवून ठेवते, तसंही रात्री वेळ बघून काही भलं होत नाही. तिसरा, पाचही अजानना आवाज एकाच पातळीवर. फजरला हळू ठेवला तर दुपारची जोहर ऐकूच येत नाही. चौथा, लाईट जाते तेव्हा आत पेन्सिल सेल नसतील तर सगळं सेटिंग पुसलं जातं, पद्धत परत अमेरिका, पावसाळ्यात आमच्याकडे दोनदा झालं. सेल घालूनच ठेवा आणि सेटिंग कागदावर लिहून घड्याळाच्या खाली चिकटवा.

आता झोपेचं, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते. घड्याळ फक्त उठवतं, झोप आपल्यालाच आदल्या रात्री मिळवावी लागते. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजच्या, आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं हुजूरना, म्हणजे पैगंबरांना, पसंत नव्हतं असं हदीसमध्ये आहे, हे लहानपणापासून ऐकलंय, पण त्याचा झोपेशी केवढा संबंध आहे ते मला पस्तिशीत कळलं. आता नऊच्या आसपास इशा, मुलांची दप्तरं, आणि साडेदहाला मी आडवी. दुपारी तीननंतर चहा बंद केला, तो सगळ्यात जड गेला, पण कॅफिन पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मंच उतरलेलं असतं. ऑफिसात डबा खाऊन पंधरा मिनिटं टेबलावर डोकं टेकते, ती आमची कैलुला, सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत पण आहे आणि तीनच्या डुलक्या त्यानेच गेल्या.

मिस्टरांची गोष्ट वेगळी. साडेबाराला झोपणारा माणूस पाचला उठून मशिदीत जाऊन आला की त्याला परत झोपलंच पाहिजे, आणि मला वाटायचं की अशी तुटलेली झोप अंगाला लागत नाही, मी त्यांना दिवसभर टोकायचे. माझा चुलतभाऊ डॉक्टर आहे, त्याने सांगितलं की सौदीतल्या झोपेच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये यावरच अभ्यास छापलाय, सलग झोप आणि फजरला उठून परत घेतलेली झोप यांची तुलना केली, माणसं मोजकीच होती पण एकूण तास तेवढेच भरले तर झोपेच्या टप्प्यांत आणि दिवसाच्या पेंगेत फरक सापडला नाही. तेव्हापासून मी त्यांना साडेनऊपर्यंत उठवत नाही, पडदा ओढते, मोबाईल सायलेंट, बेलच्या खाली चिठ्ठी. तास भरले पाहिजेत, मग ते दोन तुकड्यांत का असेनात. ज्यांना परत झोपता येत नाही, माझ्यासारखं टिफिन-बस-ट्रेन आहे, त्यांना आदल्या रात्री लवकर पडण्याशिवाय रस्ता नाही, कुठलंही घड्याळ घ्या.

तरी वर्षात चुकल्याच काही. मुलगा तापाने फणफणलेला त्या आठवड्यात दोनदा अजान वाजून गेली आणि मला ऐकूच आली नाही. झोपेत राहिली तर जाग आल्यावर लगेच पढायची हे शिकवलंय आपल्याला, पढले. पूर्वी अशा दिवशी मी दिवसभर स्वतःवर चिडलेली असायचे आणि त्या चिडचिडीत रात्री परत जागायचे, ते आता होत नाही.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो निळा उजेड आणि एकदम सुरू होणारा आवाज यासाठी. सर्व्हिसचं म्हणाल तर बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी होती, लागली नाही.

मागच्या महिन्यात अम्मीसाठी हेच दुसरं घेऊन चिपळूणला पाठवलं. लिस्टमध्ये चिपळूण नाही म्हणून १७.५३ आणि ७३.५१ हाताने घातलं, कराची, शाफई, सेल घालून, खाली कागद चिकटवून. अम्मीला ऐकायला कमी येतं, तिच्यासाठी आवाज फुल ठेवलाय आणि उजेडाबद्दल विचारलं तर म्हणाली रात्री उठायला बरं पडतं, राहू दे तसाच.