प्लॉट घेऊ का रिअल अ‍ॅसेट फंडात टाकू?

आमच्या मावसभावाचा बेदाणा विकला, जुनी एफडी सुटली, दोन्ही मिळून १५ लाख हातात आले. आता महिनाभर रोज रात्री फोन, "दादा, माधवनगर रोडला दीड गुंठा घेऊ का तुम्ही म्हणता त्या फंडात टाकू?" मी दोन्हीत हात पोळून घेतलेत म्हणून लिहितोय.

आधी रिअल अ‍ॅसेट फंड म्हणजे काय ते. जमीन, इमारती, सोनं, टोलचे रस्ते, विजेच्या लाइनी, तेल, धातू, धान्य, म्हणजे हाताला लागणाऱ्या वस्तूंत पैसे वाटून टाकायचे. महागाई वाढली की यांचे भाव पण वाढतात, हा त्यामागचा हिशोब. अमेरिकेत असले तयार फंड आहेत, त्यात महागाईशी जोडलेले सरकारी बाँड पण असतात. आपल्याकडे एआयएफ नावाच्या प्रकारात असलं काही मिळतं पण तिथं कमीत कमी १ कोटी लागतात, म्हणजे आपला विषय संपला. राहिला मल्टी अ‍ॅसेट फंड (शेअर, बाँड, सोनं असं एकत्र घेणारा म्युच्युअल फंड), नाहीतर गोल्ड ईटीएफ (शेअरसारखं बाजारात घेता येणारं सोनं), रीट (भाड्याच्या इमारतींतला वाटा) आणि इन्विट (टोलचे रस्ते, विजेच्या लाइनी यातला वाटा) घेऊन स्वतःच टोपली भरायची.

मल्टी अ‍ॅसेटमध्ये सेबीचा नियम एवढाच की तीन प्रकार हवेत आणि प्रत्येकात किमान १० टक्के. बाकीचं कुठं टाकायचं ते फंडवाला ठरवतो, आणि बऱ्याच ठिकाणी निम्म्याच्या वर शेअरच असतात. म्हणजे शेअरचीच आमटी, वरून सोन्याची फोडणी. नाव वाचून घेऊ नका, फॅक्टशीट, म्हणजे पैसे कुठं टाकलेत तो कागद, उघडून बघा.

आता प्लॉट. माझा एक नदीच्या बाजूला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, माझ्या प्लॉटवर पुरुषभर पाणी. त्यानंतर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी "पाणी कुठवर आलं होतं?" हेच विचारायचं. विकायला तीन वर्षं गेली. गुंठेवारीतला, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठ्यानं पाडलेला तुकडा असेल तर खरेदीखत नि सातबाराची डोकेदुखी वेगळीच. स्टॅम्प ड्युटी गेली ती गेली, परत येत नाही. मधल्या काळात उत्पन्न शून्य, उलट कुंपणाचा खर्च आपलाच. पण एक कबूल करतो, प्लॉटचा भाव रोज मोबाइलवर दिसत नाही म्हणून माणूस घाबरून विकत नाही, आणि हा फायदा छोटा नाही.

रीटचं बरं आहे. भारतात पहिला एप्रिल २०१९ मध्ये लिस्ट झाला, आता एक युनिट पण घेता येतं, वाटण्यासारखी जी रोकड सुटते तिच्यातली ९० टक्के वाटावीच लागते. इन्विटमध्ये मात्र नीट बघा. टोलच्या रस्त्याची मुदत संपली की रस्ता सरकारला परत जातो, त्यामुळं हातात येणाऱ्या पैशात थोडं आपलंच मुद्दल असतं आणि एफडीवाला माणूस त्याला व्याज समजून खाऊन टाकतो. आयआरबी या रस्त्यांच्या कंपनीचा इन्विट २०१७ मध्ये १०२ रुपयाला आला आणि नंतर त्याचा भाव त्याच्या बराच खाली राहिला, मिळालेलं वाटप धरूनच तिथं हिशोब करावा लागतो.

तेल-धान्याचा भाग सांगलीकराला समजवायला सोपा आहे. पूर्वी हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद ठेवायचे तेव्हा भाव वाढेपर्यंतचा ठेवायचा खर्च कुणाला तरी सोसावा लागायचाच. फंड खरा माल ठेवत नाही, वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) घेतो, आणि महिना संपला की पुढचा वायदा बऱ्याचदा महाग मिळतो, तो फरक गुपचूप फंडातनं जातो. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरला गेला, कारण माल ठेवायला पेवंच रिकामी नव्हती म्हणा ना.

सोनं? २०१२ ला तोळा ३१ हजारांच्या आसपास होता, २०१८ ला पण तेवढाच. सहा वर्षं. हे कुणी सांगत नाही, हल्लीचाच भाव सांगतात.

आणि डायव्हर्सिफाइड, म्हणजे पैसे वेगवेगळीकडं वाटलेले, या शब्दावर लय भरवसा नको. मार्च २०२० मध्ये शेअर, रीट, तेल सगळं एकदम पडलं, थोडे दिवस सोनं पण. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो (बँकांना ती कर्ज देते तो दर) ४ वरून ६.५ टक्क्यांपर्यंत नेला; असं व्याज वाढून एफडीच चांगली वाटायला लागली की रीट-इन्विट दोन्हीकडनं लोक निघतात. पैसे कधीही निघतील हे पण सगळीकडं खरं नाही. अमेरिकेतल्या ब्लॅकस्टोन कंपनीच्या, शेअर बाजारात लिस्ट न झालेल्या बीरीट या इमारतींच्या फंडानं २०२२ च्या शेवटी लोकांच्या पैसे काढण्यावर मर्यादा घातली होती, महिन्याला एकूण २ टक्के. इमारत सोमवारी विकून मंगळवारी पैसे देता येत नाहीत, साधी गोष्ट आहे.

मावसभावाचं म्हणाल तर पोरगी तीन वर्षांनी इंजिनिअरिंगला, तेवढे ६ लाख एफडीतच ठेव म्हणलं, त्याला हातच लावू नको. उरलेल्यात सात वर्षं न बघता राहणार असशील तर मल्टी अ‍ॅसेटच्या डायरेक्ट (एजंटशिवायच्या) प्लॅनमध्ये दर महिन्याला थोडं थोडं, रोज भाव बघून बीपी वाढणार असेल तर प्लॉटच घे पण लेआउट मंजूर असलेला. त्याला प्लॉटच पटलाय असं दिसतंय, शनिवारी बघायला जायचं म्हणतोय. म्हणलं जाऊ, पण पाऊस चालू असतानाच जाऊ.