दोन अँटेना, एक ग्राउंड: स्लॉट कापावा की न्यूट्रलायझेशन लाइन टाकावी?

साडेतीन गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी साधारण ४३ मिमी भरते. एकाच बोर्डवरच्या दोन अँटेनांमध्ये एवढी जागा मिळाली असती तर एका अँटेनाची ऊर्जा दुसऱ्या अँटेनात शिरण्याचा, म्हणजे कपलिंगचा, प्रश्नच आला नसता. छोट्या बोर्डवर एफआर-४ मध्येच (पीसीबीच्या नेहमीच्या मटेरियलमध्ये), वेगळा खर्च न करता आयसोलेशन, म्हणजे हे कपलिंग कमी करणं, हवं असेल तर माझ्या मते दोनच मार्ग धड आहेत: दोन्ही अँटेनांच्या सामाईक ग्राउंडच्या तांब्यात फट (स्लॉट) कापणं, किंवा अँटेनांचे एलिमेंट बारीक पट्टीने (न्यूट्रलायझेशन लाइनने) एकमेकांना जोडणं. दोन्ही करून पाहिलेत.

सिम्युलेशनमध्ये स्लॉट फार गुणी वाटतो. लांबी थोडी बदलली की एस-२१ च्या (एका अँटेनातून दुसऱ्या अँटेनात किती सिग्नल जातो त्या मापाच्या) आलेखातली दरी हवी तिथे सरकते, आयसोलेशनचे २० डीबी सहज ओलांडले जातात आणि एलिमेंटला फारसा हात लावावा लागत नाही. प्रबंधापुरतं काम असेल तर खुशाल स्लॉट घ्या.

माझं बिनसलं ते बोर्ड डब्यात गेल्यावर. उघड्या बोर्डचा व्हीएनएवरचा (एस-२१ मोजणाऱ्या यंत्रावरचा) आलेख छान होता. मागे बॅटरी आणि शिल्डचा पत्रा आला आणि दरी बँडबाहेर गेली. पत्रा जरासा पुढे-मागे केला तरी ती सरकताना दिसायची. स्लॉट मागच्या बाजूलाही रेडिएट करतो, त्यामुळे मागे काय आहे याचा त्याला लगेच त्रास होतो. शिवाय सर्किटवाल्यांना तोच ग्राउंड अखंड हवा असतो, कारण त्यांचा रिटर्न करंट तिथूनच जातो. दर रिव्हिजनला हा वाद नव्याने.

न्यूट्रलायझेशन लाइनमध्ये ग्राउंड शाबूत राहतो. नीस विद्यापीठातल्या गटाने २००६ मध्ये मोबाइलच्या दोन पिफा (चपट्या प्रकारच्या) अँटेनांवर हा अभ्यास मांडला होता: एका एलिमेंटचा थोडा करंट उलट्या फेजने दुसऱ्यात सोडायचा, म्हणजे मूळ कपलिंग कापलं जातं. कटकटी इथेही आहेत. जोडायची जागा करंटचं वितरण बघून शोधावी लागते, मग मॅचिंग (अँटेना आणि तिला सिग्नल देणाऱ्या लाइनचा मेळ) बिघडतं, ते पुन्हा जुळवा. बँडही अरुंद, ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झ सगळा एका लाइनमध्ये निघेल असं छातीठोकपणे सांगणार नाही. मला कडांना १५ डीबीवर समाधान मानावं लागलं. पण माझ्या मोनोपोल प्रकारच्या अँटेनाभोवती जागा मोकळी सोडलेलीच असते, लाइन तिथेच बसते, आणि डबा बंद केल्यावर आलेख फारसा हलला नाही. मला तेवढं पुरलं.

चार पोर्ट, म्हणजे चार अँटेना, असतील तर जोड्या सहा होतात आणि लाइनींचा गुंता होतो. तिथे एलिमेंट काटकोनात ठेवा, लाइन फक्त सर्वांत वाईट जोडीला. चार सुटे ग्राउंड दाखवणारी डिझाइनं मात्र मी उचलणार नाही. उत्पादनात ग्राउंड एकच लागतो.

तरीही स्लॉटच घ्यायचा असेल तर पत्रा आणि बॅटरी पहिल्या सिम्युलेशनपासून मॉडेलमध्ये ठेवा.