पहिल्या पोस्टिंगच्या तयारीसाठी एल-३९ : घरच्या सिम्युलेटरवरील एका जेट ट्रेनरचे परीक्षण

डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरसाठी विकत मिळणाऱ्या विमानांच्या यादीत एल-३९ अल्बाट्रॉस या प्रशिक्षणाच्या जेट विमानाकडे सहसा कोणाचे प्रथम लक्ष जात नाही. त्याच यादीत एफ-१६ आहे, एफ/ए-१८ आहे, ए-१० आहे; त्यांच्याकडे क्षेपणास्त्रे आणि रंगीत पडदे आहेत. एल-३९ मध्ये काट्यांच्या गोल तबकड्या, एकामागे एक अशा दोन खुर्च्या आणि सावकाश वेग घेणारे एकच इंजिन एवढाच ऐवज आहे. तरीही हवाई दलातील पहिल्या पोस्टिंगची वाट पाहणाऱ्या ज्या कोणाला हा छंद करमणुकीपलीकडे कामी आणायचा आहे, त्याने पहिली खरेदी याच विमानाची करावी असे माझे मत आहे. फक्त ते कशासाठी घ्यायचे आणि त्याच्याकडून कशाची अपेक्षा ठेवायची नाही, हे आधी ठरवून घेतले पाहिजे, कारण या छंदातील बहुतेक निराशा चुकीच्या अपेक्षेतून येते.

मूळ विमान चेकोस्लोव्हाकियातील एअरो वोडोखोडी या कारखान्याचे. त्याचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९६८ मध्ये झाले, पुढे २,८०० हून अधिक विमाने तयार झाली आणि अनेक देशांच्या वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. म्हणजे हे विमान मुळातच नवशिक्याला शिकवण्यासाठी आखलेले आहे आणि डीसीएसचे निर्माते ईगल डायनॅमिक्स यांनी ते संगणकावर उतरवताना ही ओळख जपली आहे. मॉड्यूलमध्ये, म्हणजे विकत मिळणाऱ्या या विमानाच्या संचात, प्रशिक्षणाचे एल-३९सी आणि शस्त्रे वाहून नेणारे एल-३९झेडए असे दोन प्रकार मिळतात. डीसीएसचा मूळ प्रोग्रॅम मोफत आहे आणि त्यासोबत दोन विमानेही येतात. बाकीची विमाने वेगळी घ्यावी लागतात. डिस्कवर मात्र शंभर जीबीहून अधिक जागा मोकळी हवी आणि ती डिस्क एसएसडी असावी, नाहीतर मोहीम सुरू होईपर्यंतच कंटाळा येतो.

या मॉड्यूलचा खरा कस लागतो तो इंजिन सुरू करताना. सेटिंगमध्ये जाऊन एका कळीवर सगळे आपोआप होऊ देण्याची सोय आहे, पण ती वापरली तर हे विमान घेण्याचे निम्मे कारणच संपते. हाताने करायचे तर आधी बॅटरी आणि आवश्यक स्विच क्रमाने लावावे लागतात, मग ‘सॅफायर’ नावाचे छोटे सहायक टर्बाइन चालू करावे लागते. त्याचा दिवा लागेपर्यंत थांबायचे. दिवा लागला की मुख्य इंजिनाचे बटण दाबायचे आणि पुढच्या काही सेकंदांच्या आत थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, ‘बंद’च्या खाचेतून ‘आयडल’वर (इंजिन नुसते मंद चालू राहील त्या जागी) आणायचा. त्यानंतर डोळे दोन तबकड्यांवर हवेत, एक फेऱ्यांची आणि दुसरी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या तापमानाची. फेरे अडखळले आणि तापमान चढतच राहिले, तर थ्रॉटल मागे घेऊन इंजिन बंद करायचे, हा निर्णय त्या क्षणी कोणाला विचारून घेता येत नाही. अशी क्रमवारी पाठ असणे वेगळे आणि ती करताना प्रत्येक पायरीवर काय दिसले पाहिजे हे माहीत असणे वेगळे. हे मॉड्यूल दुसऱ्या गोष्टीची सवय लावते. पहिल्या युनिटमध्ये विमान कोणतेही मिळो, ही सवय त्याच्याही चेकलिस्टला लागू पडते.

जमिनीवर चालवणे हा नवख्यांचा सगळ्यात मोठा त्रास आहे. पुढचे चाक पायांनी वळत नाही, ते नुसते मोकळे फिरते. ब्रेकची मूठ स्टिकवर (विमान वळवण्याच्या दांड्यावर) असते, ती आवळायची आणि कोणत्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागेल ते पायांनी दाबायच्या रडर पॅडलने ठरवायचे, अशी रचना आहे. ज्यांच्याकडे नुसती पिळता येणारी जॉयस्टिक आहे आणि ब्रेक एका साध्या बटणावर दिलेला आहे, त्यांचे विमान धावपट्टीपर्यंत पोहोचण्याआधी गवतात जाण्याची शक्यता बरीच असते, कारण बटणावर ब्रेक थोडाथोडा लावता येत नाही. त्यामुळे उपकरणांवर खर्च करायचा असेल तर महागड्या थ्रॉटलच्या आधी पॅडल घ्यावीत. धातूची भारी स्टिक, नकली एमएफडी (कडेने बटणे असलेले माहितीचे पडदे), बटणांच्या पेट्या ही सगळी हौस नंतरची आहे. डोके वळवले की दृश्य वळवणारा हेड-ट्रॅकर मात्र हौसेत मोडत नाही, कारण त्याच्याशिवाय वर्तुळ घेऊन उतरताना धावपट्टी खांद्यामागे शोधणे फार अवघड जाते.

आता त्या इंजिनाविषयी. ‘आयडल’पासून पूर्ण ताकदीपर्यंत यायला त्याला १० सेकंदांच्या आसपास लागतात आणि मॉड्यूलमध्ये हा विलंब प्रामाणिकपणे उतरवला आहे. माझ्या भाचीचे सुरुवातीचे शिक्षण प्रोपेलरच्या विमानावर झाले आणि पहिली पोस्टिंग जेटच्या युनिटमध्ये लागली. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे या सिम्युलेटरवर बसत असे. उतरताना एकदा विमान थोडे खाली गेले, वेगही घसरला. तिने सवयीने थ्रॉटल पुढे ढकलला आणि काहीच घडले नाही.

“मामा, मी थ्रॉटल पूर्ण पुढे केलाय, हे ऐकत का नाही?”

“ऐकलंय. उत्तर द्यायला वेळ लागतो त्याला.”

उत्तर आले तेव्हा विमान धावपट्टीच्या बरेच अलीकडे जमिनीला टेकले होते. प्रोपेलरच्या विमानात ताकद वाढवताच पंख्याचा झोत पंखांवरून जातो आणि उचल लगेच मिळते. जेटमध्ये तो आधार नसतो, आणि अशा जुन्या धाटणीच्या इंजिनात तर ताकदच उशिरा येते. ही गोष्ट तिला वर्गात सांगितलेली होती, वहीतही लिहिलेली होती. पण शेवटच्या टप्प्यात फेरे फार खाली जाऊ द्यायचे नाहीत, विमान कुठे असेल याचा विचार १० सेकंद आधीच करायचा, ही शिस्त तिच्या हातात उतरली ती त्यानंतरच्या उड्डाणांत. संगणकावर आपटलेल्या विमानाची किंमत शून्य असते. या एका धड्यासाठी मॉड्यूलचे पैसे वसूल झाले असे मी मानतो, आणि चकचकीत लढाऊ विमानांची मॉड्यूल हा धडा इतक्या स्पष्टपणे देत नाहीत, कारण त्यांची इंजिने आणि संगणक वैमानिकाला बरेच सांभाळून घेतात.

दुसरी जमेची बाजू मागच्या खुर्चीची. इंटरनेटवरून दोन जण एकाच विमानात बसू शकतात. दोघांकडे मॉड्यूल असावे लागते, एवढी अट लक्षात ठेवावी. मागे बसलेल्याला पुढच्या कॉकपिटमधील काही उपकरणे बिघडल्याचे भासवता येते, जसे मूळ विमानात प्रशिक्षकाला करता येई. वेगमापक अडकला आहे हे पुढच्याने स्वतः ओळखायचे, उरलेल्या तबकड्यांवरून विमान सरळ ठेवायचे आणि तोंडाने प्रत्येक कृती सांगत जायची, असा सराव कोणी जाणकार मागे बसून घेत असेल तर त्याची सर एकट्याने केलेल्या कितीही तासांना येत नाही. मागे बसणारा निव्वळ हौशी असेल तर त्याने शिकवण्याच्या भानगडीत पडू नये, नुसते बिघाड द्यावेत आणि गप्प राहावे. हे मी स्वतःलाही लागू करतो, भाचीचे मत थोडे वेगळे असले तरी.

आता उणिवा. पहिली उणीव या एका मॉड्यूलची नाही, घरच्या प्रत्येक सिम्युलेटरची आहे. वेगाने वळताना शरीरावर येणारा जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजला जाणारा) भार इथे नाही. पडदा कडेने काळा होत जातो, पण पायांत उतरणारे रक्त रोखण्यासाठी स्नायू आवळून श्वास घेण्याची जी मेहनत खऱ्या विमानात करावी लागते, ती खुर्चीत बसून शिकता येत नाही. कानातील तोल बिघडून विमान वळते आहे असा भास होतो, तोही इथे नाही, आणि सुरुवातीच्या उड्डाणांत पुष्कळांना होणारी मळमळही नाही. दुसरे म्हणजे, स्विच माउसने दाबले जातात. डोळे बांधून कॉकपिटमधला प्रत्येक स्विच हाताने दाखव, ही परीक्षा अनेक दलांत घेतली जाते. माउसने केलेला सराव तिला उपयोगी पडत नाही. त्यासाठी कॉकपिटचे पूर्ण आकाराचे छायाचित्र भिंतीवर लावून, समोर साध्या खुर्चीवर बसून हात हलवत केलेली रंगीत तालीम अधिक उपयोगाची आहे, आणि ती फुकट आहे. सिम्युलेटर विकणाऱ्यांना हे वाक्य आवडणार नाही.

तिसरी उणीव सवयींची आहे आणि मला तीच अधिक घातक वाटते. घरी शिकलेल्याची नजर तबकड्यांना चिकटते, कारण पडद्यावर बाहेरचे जग सपाट असते आणि काटे स्पष्ट असतात. स्वच्छ हवामानात खऱ्या विमानात नजर मुख्यतः बाहेर हवी. क्षितिजावरून नाकाची जागा ठरवायची आणि तबकडीकडे ओझरते पाहायचे. अशा विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षकांना तबकड्या झाकून ठेवाव्या लागतात. त्याच्या जोडीला ‘पॉज’ची कळ. गोंधळ झाला की जग थांबवता येते, ही सवय जितकी सुखद तितकीच वाईट. माझा सल्ला असा की तयारी म्हणून बसणार असाल तेव्हा त्या कळीची नेमणूक सेटिंगमधून काढूनच टाकावी, आणि उड्डाण फसले तर विमान उतरवून, इंजिन बंद करून, मगच पुन्हा सुरुवात करावी.

खास या मॉड्यूलची अडचण एककांची आहे. उंची मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि दिशादर्शनासाठी सोव्हिएत धाटणीची आरएसबीएन ही रेडिओ प्रणाली. ज्यांच्या दलात फूट आणि नॉट (ताशी सागरी मैल) चालतात, त्यांनी या विमानातील आकडे पाठ करू नयेत. पद्धत घ्यावी, आकडे सोडावेत. ज्यांना हे जमणार नाही असे वाटते त्यांनी त्याच सिम्युलेटरमधील सी-१०१ किंवा एमबी-३३९ या ट्रेनरकडे पाहावे. त्यांत फूट आणि नॉट आहेत आणि शिकवण्याचा हेतूही तोच आहे. माझी पसंती तरीही एल-३९ ला आहे, ती त्याच्या इंजिनामुळे.

सिम्युलेटरचा उपयोग नेमका कुठे, याचे उत्तर फार जुने आहे. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये आपल्या कुटुंबाच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यातील भाते आणि हवेचे पंप वापरून जमिनीवरचे शिकाऊ विमान तयार केले, तेव्हा ते बरेचसे जत्रेतील खेळणे ठरले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेवर टपाल वाहून नेण्याचे काम पडले, खराब हवामानात एकामागून एक वैमानिक मृत्युमुखी पडले, आणि मग या यंत्रांची खरेदी झाली. ती केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव देण्यासाठी. घरचा सिम्युलेटर आजही याच कामात सर्वांत भरवशाचा आहे : ढगांत नजर कोणत्या क्रमाने फिरवायची, चेकलिस्ट कशी पार पाडायची, रेडिओवर बोलताना विमानावरचा ताबा कसा सोडायचा नाही. २०१८ मध्ये अमेरिकी हवाई दलाने बाजारात मिळणारे व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचे आभासी दृश्याचे पडदे) घेऊन प्रशिक्षणाचा एक प्रयोग केला, तेव्हाही त्यासोबत प्रशिक्षक होते, अभ्यासक्रम होता आणि खरी टी-६ ही प्रशिक्षण विमाने होती. घरी यांतले काहीच नसते, म्हणून घरच्या तासांची बेरीज कोणाला सांगायला जाऊ नये.

पोस्टिंगच्या ठिकाणी तर हे पथ्य विशेष पाळावे. तिथे युनिटची स्वतःची पुस्तके असतात, स्थानिक नियम असतात, आणीबाणीत करायच्या कृती शब्दशः पाठ असाव्या लागतात आणि त्यांची परीक्षा होते. “सिम्युलेटरमध्ये तर असे होत नाही” हे वाक्य क्रू-रूममध्ये एकदा उच्चारले की ते वर्षभर परत ऐकू येते. याहून गंभीर बाब म्हणजे ऑनलाइन सोबती. एकदा गणवेश चढला की आपल्या विमानाची पुस्तिका, मर्यादांचे आकडे, डावपेच यांविषयी छंदातील मित्रांशी अवाक्षर बोलता कामा नये, मग ते सिम्युलेटरमधील एखादी चूक दुरुस्त करण्यासाठी का असेना. ज्या विमानावर पोस्टिंग झाली आहे तेच विमान सिम्युलेटरमध्ये उपलब्ध असेल, तर ऑनलाइन उडवायला दुसरे निवडणे शहाणपणाचे.

निर्मात्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या डीसीएसमध्ये मॉड्यूल १४ दिवस मोफत वापरून पाहता येते. ही मुदत सुरू करण्याआधी सोबतची जाडजूड पुस्तिका उतरवून घेऊन निदान इंजिन सुरू करणे, जमिनीवर चालवणे आणि उतरणे ही तीन प्रकरणे वाचून ठेवावीत, ब्रेकची मूठ स्टिकवरील एखाद्या हळूहळू दाबता येणाऱ्या अक्षावर (नुसते चालू-बंद न होता दाब कमी-जास्त घेणाऱ्या कळीवर) बसवावी आणि मगच घड्याळ चालू होऊ द्यावे. नाहीतर पहिला आठवडा गवतातून विमान बाहेर काढण्यातच जातो.