गिरणीच्या माडीवरचा स्टुडिओ, दारव्हा (जि. यवतमाळ): रॅपवाल्यांनी जावं का?

पाटी नाही, मॅपवर शोधलं तर सापडत नाही. दारव्ह्यात उतरून 'गिरणीवरचे काका' म्हटलं की ऑटोवाला बरोबर दारात आणून सोडतो. खाली पीठगिरणी, वर दोन खोल्या. एकीत काकांचा कॉम्प्युटर, दुसरीत माइक. भिंतींना फोम नाही, गाद्या आहेत. कापसाच्या, गावातल्याच गादीवाल्याकडून भरून घेतलेल्या, छतापासून फरशीपर्यंत टांगलेल्या. पावसाळ्यात त्यांना कुबट वास येतो, पण आवाज एकदम कोरडा मिळतो, कुठंच घुमत नाही. कापसाच्या जिल्ह्यात फोम विकत कायले आणाचा, हे काकांचं म्हणणं मला पटतं.

मी रॅप करतो. राहतो शकुंतला नावाच्या बंद पडलेल्या रेल्वेच्या रुळांकडच्या वस्तीत, सीझनमध्ये जिनिंगला रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रावर, असतो. आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की किरायानं खोली मिळत नाही, आणि गावात कुठंही चोरी झाली तरी पोलिसांची गाडी आधी आमच्याकडंच वळते. कुर्ल्याच्या रॅपर नेझीनं २०१४ मध्ये आयपॅडच्या भरवशावर गाणं काढलं, पुण्याच्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला, आणि नावात शंभराचा आकडा लिहिणारा अमरावतीचा सौरभ अभ्यंकर तर आमच्या बाजूच्याच जिल्ह्यातला. हे पाहिल्यावर वस्तीतली पोरं मोबाइल घेऊन बसणारच. पण टिनाच्या खोलीत मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज हौदात बसून बोलल्यासारखा येतो. म्हणून स्टुडिओ लागतो.

काकांच्या आधी मी एका मोठ्या शहरात गेलो होतो. तिथं एसी, काचेची खिडकी, रंगीत लाइट सगळं होतं. पैसे माझे, शब्द माझे, आणि गाणं चढलं त्यांच्या चॅनलवर. खाली माझं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगात. विचारलं तर म्हणे आमची अशीच पद्धत आहे. त्यामुळे आता कोणताही स्टुडिओ पाहताना मी माइकच्या आधी हे पाहतो, की गाणं बाहेर पडताना कोणाच्या खिशात जातं.

काकांचा हिशेब सरळ आहे. तासाचे तीनशे रुपये. काम संपलं की ते पेनड्राइव्ह मागतात आणि त्यात सगळं टाकून देतात. तयार गाणं तर देतातच, शिवाय आवाज वेगळा, डबल (तीच ओळ पुन्हा म्हणून जोडलेली) वेगळे, मागचे आरडेओरडे वेगळे, बीट म्हणजे मागचं संगीत वेगळं, सगळं वेव्ह फाइलमध्ये. एमपीथ्री व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळं होणारे खूप पाहिले, त्या फाइलमधून पुढं दुसऱ्याकडून धड मिक्स करून घेता येत नाही. त्यासोबत एक वहीचं पान: 'रेकॉर्डिंगचा खर्च याने केला, मालकी याची,' खाली दोघांच्या सह्या. पोरं या कागदाला हसतात. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा मालक निर्मात्याला धरलंय, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याला. उद्या गाणं चाललं आणि चार जण निर्माते म्हणून उभे राहिले, तर ते पान कामी येईल. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द लिहिणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा त्यानं स्वतः लिहून दिला तरी सुटत नाही. हे मला काकांनीच सांगितलं, तेही मागून दळणवाले ओरडत असताना.

बीटचंही तेच. युट्युबवर 'फ्री' लिहिलेले बीट आम्ही सगळेच उचलतो. ते फ्री बहुतेक वेळा कमाई करायची नसेल तोवरच असतं. चॅनलला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचा वॉचटाइम झाला, जाहिराती सुरू झाल्या, की बीटवाल्याचा क्लेम येऊ शकतो आणि पैसा तिकडं वळतो. माझ्या शकुंतलेच्या गाण्यासाठी काकांनी बीट घेऊच दिला नाही. त्यांच्या ओळखीतला डफडं वाजवणारा बोलावला. गिरणीच्या मागं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, जाळ केला, त्यावर डफडं शेकलं, बोटानं टिचकी मारून पाहिली, पुन्हा शेकलं. कातडं ताणल्यावर धावत जिना चढायचं, कारण वर जाईपर्यंत ते उतरतं. दोन-तीन मिनिटं काय ते नीट वाजतं, की पुन्हा खाली. संध्याकाळ त्यातच गेली. काकांनी त्याचे तुकडे कापून लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा ताल, बांधला, खाली जाड बेस टाकला. तो बीट जगात दुसऱ्या कोणाकडं नाही. वाजवणाऱ्याचे पैसे त्याच दिवशी दिले, कागदावर त्याचंही नाव आहे.

गाणं शकुंतलेच्या लाइनवरच आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, इंग्रजांच्या काळात किलिक निक्सननं कापूस न्यायला टाकलेली. गाडी सरकारी रेल्वे चालवायची, मालकी कंपनीची. १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिन, मग डिझेल, मग गाडीच बंद.

गाडी गेली, रूळ उरले, रुळावर सुकते मिरची,
मालक बसला सातासमुद्रापार, आमची तुटकी खुर्ची.

या दोन ओळी मी पहिल्यांदा टीव्हीवरच्या रॅपरासारख्या म्हटल्या. काकांनी हेडफोन काढला. "आवाज कायले चोरून राहिला बे? वस्तीत भांडतं तवा असाच बोलतं काय?" मग भांडतो तशा म्हटल्या. तोच टेक गाण्यात आहे.

उणं काही नाही असं नाही. टेक चालू असताना पंखा बंद. मे महिन्यात त्या गाद्यांच्या खोलीत माणूस उकडून निघतो, घाम वहीवर पडून शाई पसरते. सांगितलं नाही तर काका आवाजाचा सूर मशीननं सरळ करणारं ऑटोट्यून लावून मोकळे होतात, भजन मंडळींना ते आवडतं म्हणून. आधीच बजावा. व्हिडिओ त्यांच्याकडून अजिबात करून घेऊ नका, गुलाबाची फुलं उडतात. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे, पण त्याची गुणगुण माइकमध्ये शिरते, म्हणून लाइट येईपर्यंत खाली चहा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात भीमगीतांची रांग असते आणि निवडणुका लागल्या की प्रचाराची गाणी. तेव्हा तारीख मिळत नाही.

गाणं माझ्या चॅनलवर आहे. यवतमाळच्या कॉलेजातल्या पोरांनी गॅदरिंगला वाजवलं, मग नागपूरहून फोन आला आणि पहिल्यांदा कोणी मानधन किती घेता म्हणून विचारलं. तिथं डफड्यावाल्यालाही सोबत नेलं. जिनिंगचं काम सोडलेलं नाही, मुकादम आता मला 'या कलाकार' म्हणतो आणि गाठोडं तेवढंच देतो.

जायचं तर रात्री आठनंतर जा. खाली गिरणी चालू असेपर्यंत काका टेक घेत नाहीत, जिना हलतो. आठवडी बाजाराच्या दिवशी तर जाऊच नका, दळणाची रांग संपतच नाही. पेनड्राइव्ह घरून न्या, आणि तासाचा भाव कमी करायला सांगू नका. उधारी मात्र चालते.