वनस्पतीतील नवा रेणू की जुन्या औषधाचा नवा उपयोग?
काळा आजार, निद्रारोग यांसारख्या उपेक्षित परजीवीजन्य रोगांवर औषध शोधताना दोन मार्ग समोर येतात: जुन्या औषधाचा नवा उपयोग किंवा वनस्पतीतील नवा रेणू. पहिल्या मार्गाचे उदाहरण म्हणजे मूळ कर्करोगासाठी अभ्यासले गेलेले मिल्टेफोसीन हे औषध; ते २००२ साली भारतात काळ्या आजारावर मंजूर झाले. आधीची माहिती हाताशी असल्याने वेळ वाचला, पण गर्भाला असलेला त्याचा धोकाही सोबत आला. वनस्पतीचा मार्ग अधिक बिकट आहे, कारण अर्कातील नेमका क्रियाशील रेणू वेगळा करणे, तो परजीवीला मारताना मानवी पेशींना अपाय करत नाही हे तपासणे आणि त्याचा पुरेसा पुरवठा मिळवणे, या प्रत्येक टप्प्यावर बहुतेक उमेदवार गळतात. तरीही हिवतापावरील आर्टेमिसिनिनची पेरॉक्साइड बंध (दोन ऑक्सिजन अणूंमधील जोड) असलेली विलक्षण रचना वनस्पतीनेच दिली. म्हणून परजीवींचा औषधप्रतिकार (औषधाला दाद न देणे) वाढत असताना, माझ्या मते, दीर्घकालीन निधी याच मार्गाला मिळायला हवा.